नांगर वळवायचा कोपरा

मी कुशाबा महिपती उतेकर, वय साठीच्या पुढे, पेन्शनर शिपाई, धंदा शेती, राहणार मौजे कापडे, पेटा पोलादपूर, जिल्हा कुलाबा. डोळे अधू झाले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. कुणाच्या धाकाने नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. पूर्वी लिहिलेले नाही. पुन्हा लिहिण्याचे त्राण नाही.

१. राहते घर पत्नी ठकूबाई हयात असेतो तिचे, मागाहून मुलगा दत्ताराम याचे. सुनेला चूल वेगळी मांडायची झाल्यास तिने पडवीत मांडावी. ठकूबाईला पडवीत बसवू नये.

२. बैलजोडी व नांगर दत्तारामचे. पोस्टातली शिल्लक उमरठला दिलेली मुलगी साळूबाई हिची. तिचे सासरे लग्नातल्या मानपानावरून रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत. त्यांना काही नाही.

३. ओढ्याकाठचे शेत मी लष्कराच्या पगारातून घेतले, वडिलार्जित नव्हे. तेही दत्तारामचे. मात्र त्याच्या कोपऱ्यात दोन कबरी आहेत, म्हणून हे कलम लांबेल.

कबरी हसाजी कापडेकराच्या आईबापांच्या. हसाजी आमच्या गावचा इस्राएली तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारा. गावाचे नाव त्याच्या आडनावात आहे, आमच्या नाही. चार वर्षांमागे मुलांबरोबर तो इस्राएलला गेला. जाताना म्हणाला, “कुशाबा, पोरं चालली, मी हितं एकटा काय करू? आई-बापूस तुझ्या शेतात हायत. तिथं नांगर वळवून ने रे.” मी हो म्हणालो.

दत्ताराम म्हणतो, “बाबा, ते काय आता परत येनार नाय. कोपरा फुकट जातो.” गेल्या पावसात त्याचा नांगर हातभर आत गेला.

त्याला ठाऊक नाही ते लिहितो. पहिल्या महायुद्धानंतर आमची तुकडी मोसूलच्या वर, कुर्दांच्या डोंगरात सरदेरा नावाच्या खेड्यात होती. गाव पूर्वी निम्मे कुर्दांचे, निम्मे असिरियन ख्रिस्ती लोकांचे. पाण्याचा पाट एक, गिरणी एक. लढाईत ख्रिस्ती मारले गेले, उरले ते पळाले. मी पाहिले तेव्हा त्यांच्या घरांत कुर्द राहत होते आणि देवळात शेरडे बांधलेली होती. हमो नावाचा म्हातारा मात्र त्यांच्या कबरस्तानात शेरडे शिरू देत नसे, काठी घेऊन बसे. दुभाष्यामार्फत मी विचारले, कशाला बसतोस? म्हणाला, “घर मी घेतलं, अक्रोडाची झाडं मी घेतली. एवढं तरी त्यांचं राहू दे.” त्यांना घालवलं कुणी, असे विचारले की तो चुलीत लाकूड सारायचा.

हिवाळ्यात हमो वारला. त्याच्या मुलाने तिथे गहू पेरला. चांगला उगवला. मला त्याचे फार वाईट वाटले, आणि अजून वाटते.

आम्ही हसाजीला घालवले नाही. म्हणून त्याच्या कबरी नांगरायला आम्हाला तर वैराचीही सबब नाही.

४. माझ्या अस्थी सावित्रीत सोडू नयेत. कबरी आणि नांगराचे तास यांच्या मध्ये पुराव्यात. भटजी कुरकुरले तर त्यांना जास्त शिधा द्यावा. हमोसारखे काठी घेऊन बसण्याची ताकद माझ्यात उरली नाही, पडल्या पडल्या राखण जमेल. दुसऱ्याच्या बापावरून दत्तारामचा नांगर जातो. स्वतःच्या बापावरून न्यायचा की नाही, ते त्याने ठरवावे.

सही: कुशाबा महिपती उतेकर

साक्षीदार:
रावजी भिकू शेलार, कापडे (सही)
चांगू हैबती सकपाळ, कापडे (निशाणी अंगठा)

मुक्काम कापडे, दिनांक १२ जानेवारी १९५९