पिठावरचा आशीर्वाद

पाचूबंदर, मंगळवार, १९४८

दोनदा साबण लावला, तरी हाताला त्या पिठाचा कुबट वास येतोच आहे. वादळात होड्या फुटलेल्या कोळ्यांना वाटायला आमच्या पलटणीने ते आणलं. मी पलटणीचा पाद्री. सकाळी मेजरसाहेब म्हणाले, "फादर, आधी तुम्ही आशीर्वाद द्या. तुमचा झगा बघून लोक मुकाट घेतील." पोत्यात अळ्या वळवळत होत्या. प्रार्थना करायची ती यासाठी? पिठाची किळस आलीच, पण त्या माणसाची जास्त.

रांगेत पुढे मोतन नावाची म्हातारी कोळीण होती. तिने मूठभर पीठ हुंगलं. "पादर, तुमी खाल ह्ये?"

"नाही. तुम्हीही खाऊ नका."

"तुमचं काम धीर द्यायचं," मेजरसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

मी पोतं ओढून वाळूत ओतलं. पुन्हा तोच वास. मग जवानांच्या भटारखान्यातले तांदूळ मागितले. सुभेदाराने साहेबांकडे न बघता दिले. पण आजच्यापुरतेच.

संध्याकाळी निरोप आला: उद्यापासून वाटपाला पाद्र्याची गरज नाही. म्हणजे उरलेली पोती उद्या वाटतील, आणि खाऊ नका म्हणायला तिथे मी नसेन.