कॉफी खातं माझ्याकडे

२ मार्च, सकाळी ८.२०
पुण्याच्या त्या आदितीनं दोन स्टार दिले. दोन! आमच्या वरच्या खोलीत दोन रात्री राहिली, एसी फुल्ल, नृसिंहवाडीला जायला रिक्षा मी स्वतः ठरवून दिली. आणि अ‍ॅपवर लिहिते काय, तर यजमान फार बोलतात, कॉफी म्हणजे गोड गरम पाणी, आणि कॉफी प्यायची असेल तर शेजारच्या हंबीररावांच्या होमस्टेमध्ये उतरा. माझ्या पानावर त्याची फुकट जाहिरात.
सूड घेणार. आधी हिचा की हंबीररावाचा, ते संध्याकाळी ठरवतो.

२ मार्च, संध्याकाळी
हंबीररावाचा. पुणे लांब पडतं.

४ मार्च
अ‍ॅपचा मेल. माझी सरासरी ३.८. ३१ मार्चपर्यंत चारच्या वर गेली नाही तर खोली अ‍ॅपवरून काढून टाकणार. राजमतीला वाचून दाखवला. बायको म्हणून तिनं धीर द्यायचा, तर म्हणाली, बरंच झालं, खोली रिकामी झाली की अनेकांतला कायमचं वर राहायला बोलवू. अनेकांत म्हणजे तिचा धाकटा भाऊ. विमा विकतो. गेल्या दिवाळीत अकरा दिवस राहिला आणि माझ्या तीन पॉलिसी काढून गेला. कायमचा आला तर माझं काय होईल, हा विचारही करवत नाही.
मग म्हणाली, कॉफी मी करू का? दिवाळीतही हेच विचारलं होतं. तिचे वडील कर्नाटकात हासनला नोकरीला होते, तिकडं ही रोज फिल्टरची कॉफी करायची. रुखवतात आलेलं पितळेचं फिल्टर माळ्यावर आहेच. समजावलं तिला, हे आदरातिथ्याचं शास्त्र आहे, घरगुती काम नव्हे. कॉफी खातं माझ्याकडे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. पाणी मला कळतं.

७ मार्च
दोष सापडला. खोलीत ठेवतो ती तयार कॉफीची पाकिटं उत्तम आहेत (एकदम पाचशे आणली होती), पाहुणे ढवळतात चुकीचं. केटलच्या वर सूचनाफलक लावला. एकूण अकरा कलमं. कलम चार : चमचा डावीकडून उजवीकडे फिरवावा.
मी स्वतः चहावाला. कॉफीला जन्मात तोंड लावलेलं नाही, त्यामुळं माझं मत निःपक्षपाती आहे.

९ मार्च
नाशिकचं जोडपं. तीन स्टार. म्हणे, फलक वाचून होईपर्यंत पाणी गार झालं. शिकलेली माणसं, आणि वाचायचा वेग हा असा.

१२ मार्च
मशीन मागवलं. दुधाला फेस आणायची दांडी असलेलं. हंबीरराव संपला.

१४ मार्च, सकाळी ९
दूध साधं नको म्हणून पहाटे म्हशीवाल्यांच्या दूध कट्ट्यावर जाऊन डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून आणली. घट्ट, एक नंबर. इचलकरंजीच्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक. दांडीत साय अडकली. मोठा आवाज झाला. छताला डाग.

१४ मार्च, दुपारी
एक स्टार. "शर्ट पांढरा होता."
मशीनवाल्यांना नोटीस पाठवणार. म्हशीवाल्यालाही.

१५ मार्च
मशीनचा खोका ठेवायला माळ्यावर चढलो. फिल्टर जागेवर नाही. राजमतीनं भंगारवाल्याला दिलेलं दिसतंय. बोललो नाही. बायकोच्या चुका पोटात घालाव्यात.
जानेवारीपासून ती रोज सकाळी सहाला फिरायला जाते, हे मात्र चांगलं आहे. परत येते तेव्हा पदराला कॉफीचा वास येतो. हंबीररावाच्या घराचा वास पार गल्लीभर पसरतो म्हणजे बघा. प्रदूषण मंडळाला अर्ज लिहायला घेतलाय.

१८ मार्च
अर्ज रद्द. याहून भारी सुचलं. आपणच पाहुणा म्हणून हंबीररावाकडे उतरायचं, एक रात्र काढायची आणि एक स्टार देऊन यायचं. बुकिंग केलं. नाव : प्रा. नाडकर्णी, बेळगाव. राजमतीला सांगितलं, गगनबावड्याला मित्राच्या शेतावर जातोय. म्हणाली, जाऊन या, तिकडं गारठा असतो, मफलर घ्या.

२२ मार्च, सायंकाळी ७
टोपी, गॉगल, मास्क, मफलर. शाहूपुरीपर्यंत चालत जाऊन तिथनं रिक्षानं गल्लीत परत आलो. हंबीररावानं अजिबात ओळखलं नाही. म्हणाला, या पावणं, बेळगावास्नं लई दमून आला असशीला. मी घोगऱ्या आवाजात हूं केलं.
त्याची बायको संयोगिता हिनं दिवस मावळायच्या आत ताट वाढलं. वरण-भात, दोडक्याची भाजी, चपाती. कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही. मटणाशिवाय घास न गिळणाऱ्या माणसाच्या घरी आम्हां जैनांचं जेवण! बेळगावचे सगळे असंच जेवतात, अशी त्यांची समजूत असावी. अडाणी लोक. माझी मात्र सोय झाली. दोनदा भात घेतला.

२३ मार्च, पहाटे ५.५०
मोबाईलवर चेक-आउट दाबून रिव्ह्यू टाकला. एक स्टार. "कॉफी अत्यंत भिकार. करणाऱ्या व्यक्तीला पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देऊ नये." कॉफी अजून आलेली नाही. पण चव घेऊन लिहिलं की मन पातळ होतं.

सकाळी ६.४०
कॉफी आली. स्टीलचा पेला आणि वाटी. पुराव्यापुरता एक घोट घेतला. मग पुरावा पक्का करायला आणखी एक. तीन पेले झाले. खोटं कशाला लिहू, इतकी वर्षं चहा पिऊन काय केलं असं वाटलं. हंबीरराव समोर बसून बघत होता.
"दमानं प्या की, पावणं. घरचीच हाय."
तिसरा पेला निथळायला उपडा केला, तर बुडाला नाव कोरलेलं. सौ. राजमती जयपाल चौगुले, १९९१.
माझ्या लग्नातला पेला! चोरी. उघडउघड चोरी. सापडला हंबीरराव.

सकाळी ७.३०
जाब विचारायला थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. ओट्यापाशी राजमती. पुढ्यात पितळेचं फिल्टर, हातात संयोगितेचा मोबाईल. माझा रिव्ह्यू वाचत होती. पूर्ण वाचला. मग गॅस बारीक केला.
"तुमास्नी दोनदा इचारलं," म्हणाली. "संयोगितानं मला एकदाच इचारलं."
मी म्हटलं, मी गगनबावड्याला आहे.
निघताना हंबीरराव फक्त म्हणाला, नाडकर्णीसाहेब, मास्क टेबलावर ऱ्हायलाय.

२५ मार्च
चहा पांचट लागतो. राजमतीला म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं, आता आपल्या खोलीची कॉफी तू बघ. सहा दिवसांत चांगले पाहुणे आले तर अजून जमेल. तर म्हणाली, ह्या घरात मी कॉफी करायची न्हाय, तुमचा तसा लेखी आदेश हाय. भाकरी मिळते, कॉफी मिळत नाही.
रिव्ह्यू काढून टाकायला बसलो. प्रा. नाडकर्णींचा पासवर्ड आठवत नाही.

२८ मार्च
राजमतीची माफी मागितली. तोंडी. ती म्हणाली, लेखी द्या. एकतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो.

३१ मार्च, सायंकाळी ५
सरासरी ३.१. खोली अ‍ॅपवरून गेली. अनेकांत दोन बॅगा आणि एक गादी घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, भावजी, चौथी पॉलिसी तुम्हाला शोभेल. सही केली.
गच्चीवर सगळे बसले. हंबीरराव थर्मास घेऊन आला होता, संयोगितानं पेले मांडले. राजमतीनं अनेकांतला कॉफी दिली, हंबीररावाला दिली. मी हात पुढं केला. तिनं माझ्या हातावर एक पाकीट ठेवलं आणि वरच्या खोलीतल्या फलकाकडे बोट दाखवलं.
केटल लावली. अकराही कलमं वाचली. चमचा डावीकडून उजवीकडे फिरवला. आपल्या खात्याची कॉफी आज पहिल्यांदा प्यायलो.
गोड गरम पाणी.
अजून चारशे बारा पाकिटं शिल्लक आहेत.