धरलेला हात

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! निघताना आईचे डोळे भरले होते. बाबांनी मात्र नेहमीच्या टिपेच्या आवाजात विचारलं, गाझियाबाद म्हणजे दिल्लीच ना? मी म्हटलं, मेट्रोपुरती दिल्ली, बाकी सगळं उत्तर प्रदेश. त्यांना ऐकू गेलं नाही. भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये घणांच्या आवाजात पंचवीस वर्षं काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालंय. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर लिहून दिलं होतं, 'वयोमानामुळे'. बाबा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्या एका शब्दाच्या रागातून मी कामगारांवर उपचार करायच्या या पेशात आले, असं म्हटलं तरी चालेल.

इथल्या वैशाली भागात कुमुदिनीकाकूंच्या घरी वरची खोली भाड्याने मिळालीय. काकू अडुसष्टच्या, एकट्याच. लेबर ऑफिसात स्टेनो होत्या. चाळीस वर्षं इकडे काढल्यामुळे दर वाक्याला 'अच्छा' आणि 'चलो' येतं, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर चक्क भुजिया शेव घालतात. मला आवडली. हवा मात्र अशी की भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आमचं उपचार केंद्र साहिबाबादच्या कारखान्यांच्या मधोमध आहे. आसपासच्या मालकांनी मिळून ट्रस्ट काढलाय, त्यांच्या कामगारांना इथेच पाठवतात. बाकावर सकाळी नऊपासून माणसं बसलेली असतात. दगड पॉलिश करणारे खोकतात, नोएडाच्या कॉल सेंटरमधली मुलगी मनगट चोळत बसते, बॅटरीच्या कारखान्यातला एकजण सारखी पोटाला हात लावतो. माझ्याकडे फक्त हातवाले. तुटलेले, भाजलेले, आखडलेले.

प्रमुख डॉ. विनय मूळचे दादरचे. मराठी बोलायला मिळालं म्हणून त्यांना कोण आनंद! 'आपली माणसं इथे कुठे भेटतात, यार,' असं म्हणत स्वतः खोली दाखवली. माझ्या आधी स्वानंदी नावाची थेरपिस्ट होती, नागपूरची. का गेली विचारलं तर म्हणाले, तब्येत.

खोलीत एक नवी कोरी आरशाची पेटी मिळाली. तुटलेला हात आरशामागे घालायचा, धडधाकट हात आरशापुढे धरायचा. प्रतिबिंब बघून मेंदूला वाटतं, दोन्ही हात जागेवर आहेत. नसलेल्या हाताच्या वेदना अशाने कमी होतात. मी खूश आहे. उद्यापासून खरं काम.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज विष्णू आला. चोवीस वर्षांचा, पॉवर प्रेसवर होता. पत्रा सरळ करताना प्रेस खाली आली आणि उजवा हात मनगटापासून गेला. हात मागे घेतल्याशिवाय प्रेस पडू नये म्हणून जो सेन्सर असतो, तो काम मंदावतं म्हणून काढून ठेवला होता.

हाताचं वर्णन करायला सांगितलं, ते मी सगळ्यांनाच सांगते. तो म्हणाला, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, उभी धार होती त्याला. दुखतं का विचारल्यावर संकोचला. मग म्हणाला, दुखत नाही, 'कोई पकड़े हुए है, मैडम.' बाईचा हात आहे. बोटात लोखंडाची अंगठी आहे.

नसलेली मूठ आवळल्यासारखी वाटणं पुस्तकात आहे. अंगठी पुस्तकात नाही.

पेटीत डावा हात उघड-मीट करायला सांगितला. त्याने पंजा पूर्ण उघडला. आरशातला हात मिटलेलाच राहिला. क्षणभरच. मी पेटी हलवली, मग ठीक झालं. तीन दिवस झोप नीट नाही, हे लिहून ठेवते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पार्वती म्हणून एक बाई आली. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होती. इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये चादरीबरोबर उजवा हात गेला. चाळिशीची असेल. मोजकं बोलते, पण बोलते ते डोळ्यांत बघून. तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, मधल्या बोटात शनीची अंगठी होती, लोखंडाची, ती बोटासकट गेली. आणि आता तो हात एका पुरुषाच्या हातात आहे. अंगठ्याचं नख चिरलेलं आहे, ते टोचतं.

विष्णू सोमवारी येतो, ही गुरुवारी. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. मी दोनदा विचारलं.

संध्याकाळी डॉ. विनयनी विष्णूचा फॉर्म पुढे केला. कामावर परत घ्यायला योग्य आहे का, हो किंवा नाही. मी म्हटलं, प्रेसवर नाही, दुसरं हलकं काम द्या असं मला लिहायचंय. ते म्हणाले, लिहायला जागाच नाहीये, आणि 'नाही' लिहिलंत तर बिचाऱ्याला घरी बसवतील. गेटवर नोंदी ठेवायला बसवू, मी शब्द देतो. आपल्या माणसाने आपल्या माणसाला दिलेला शब्द.

सही केली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

विष्णूचा मोठा भाऊ जुना एक्स-रे मागायला आला. हॉस्पिटलला द्यायचाय म्हणाला. गेटवर वगैरे कोणी बसवलंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून त्याच प्रेसवर, एका हाताने. काल डावा हातही गेला.

भावाने माझ्याकडे रागाने बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. फॉर्मवर सही कोणाची आहे हे त्याला माहीत नाही. मला माहीत आहे.

डॉ. विनयकडे गेले. ते म्हणाले, वाईट झालं, पण मुलगा अंमळ बेफिकीरच होता.

मी म्हटलं, दोन्ही वेळा?

ते फोनवर बोलायला लागले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अकरा वाजता. खोलीत मी एकटी. सहा फॉर्म सहीसाठी ठेवले होते. पेन उचललं आणि हात थांबला. कोणीतरी वरून धरला. भास झाला असं लिहिणार होते, पण मी हातांचीच थेरपिस्ट आहे. कुठलं बोट कुठे टेकतंय ते मला कळतं. चार बोटं माझ्या मुठीवर, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला. अंगठ्याच्या नखाला उभी धार.

पेन टाकलं तेव्हा सुटला. मनगटावर लाल रेघ आहे. काकूंना दाखवली. त्यांनी बराच वेळ निरखली आणि म्हणाल्या, हळद लाव.

२५ नोव्हेंबर, सोमवार

स्वानंदीचा नंबर मिळवला. केंद्राचं नाव सांगितलं. ती म्हणाली, माझा उजवा हात जागेवर आहे, बोटं गोरीपान आहेत, पण मेल्यासारखा पडून असतो. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडत नाही. तिने आठ महिन्यांत दोनशेच्या वर फॉर्म भरले होते. सगळे 'हो'.

मी विचारलं, कुठे गेला तुझा हात? ती म्हणाली, 'त्यांच्यात आहे. तू पळ गं.'

आईचाही फोन आला होता. ये परत म्हणते. खरं सांगायचं तर बॅग काढून पलंगावर ठेवली होती. भीती वाटतेय. पण मी पळाले तर खुर्चीवर तिसरी कोणीतरी येईल. सहा फॉर्म तिच्यापुढे ठेवतील. आणि तिलाही शब्द देतील.

बॅग कपाटावर टाकली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पार्वतीचा फॉर्म आला. लॉन्ड्रीला माणसं कमी पडतायत.

मी 'नाही'वर खूण केली. हात धरला होता, पण अडवला नाही. उलट — कसं लिहू — वजन दिलं. खूण इतकी खोल उठली की खालच्या कागदावरही उमटली.

डॉ. विनयनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मॅडम, तुमचं करिअर आत्ता कुठे सुरू होतंय. मी म्हटलं, विष्णूचं संपलं. ते म्हणाले, भावनेने दवाखाना चालत नाही. मी म्हटलं, सेन्सर काढून प्रेस तर छान चालते.

पुढच्या सोमवारी नवीन फॉर्म देतो, नीट विचार करून या, म्हणाले.

उजवा हात गार पडलाय. करंगळी हलत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काकूंना सगळं सांगितलं. हाताचंही. वाटलं होतं हसतील. त्यांनी चहाचा कप बाजूला केला, जुना टाइपरायटर काढला आणि म्हणाल्या, 'अच्छा, चलो. तू सांग, मी टाइप करते.'

दिल्लीच्या ऑफिसात देऊ का विचारलं तर ओरडल्या. कारखाने यूपीत आहेत, तक्रार गाझियाबादच्याच फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जायला हवी. दोन प्रती. एकीवर पोच, शिक्क्यासकट. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही, बिल्कुल नाही.

केंद्राच्या नोंदींतून उतरवून आणलेली त्रेसष्ट जणांची नावं सांगितली. कोणता कारखाना, कोणतं मशीन, कोणता हात. विष्णूच्या नावापुढे हेही टाइप करायला लावलं की त्याला योग्य ठरवणारी सही माझी होती. काकू थांबल्या, म्हणाल्या, हे नको लिहूस. मी म्हटलं, हेच आधी लिहा.

आता चार बोटं हलत नाहीत. हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पोच मिळाली. शिक्का आहे. अडीच तास उभी होते. खिडकीतला माणूस म्हणाला, उद्या या. मी उजवा हात उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. मेलेल्या माशासारखा. मनगटावर बोटांचे वळ — आता दोन हातांचे. एक उजवा, एक डावा.

डावा परवापर्यंत नव्हता.

त्याने गुपचूप शिक्का मारला. इन्स्पेक्टर येत्या आठवड्यात येईल म्हणाला.

१ डिसेंबर, रविवार

हॉस्पिटलमध्ये विष्णूला भेटले. दोन्हीकडे बँडेज. माफी मागितली. सही माझी होती, हेही सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे. दोन्ही हातांनी तुम्हालाच धरलंय मी.

सोडशील का — विचारलं नाही. हक्क नाही.

तोच म्हणाला. अजून नाही, मैडम. अभी काम है.

२ डिसेंबर, सोमवार. दुपारी सव्वाबारा

केंद्रात आहे. यायची गरज नव्हती. पण डॉ. विनयनी पार्वतीला आज साडेअकराची वेळ दिली होती, मुद्दाम. मी नसते तर फॉर्म कोण भरणार हे कळत होतं.

डॉ. विनय आत आले. तक्रारीचं त्यांना कळलंय. ओरडले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याच टेबलाशी बसले, पार्वतीसमोर. म्हणाले, तुमचा हात चालत नाही ना, मग मीच करतो. 'हो'वर खूण केली. सही सुरू केली.

पेन थांबलं.

मी बघत होते. त्यांचा हात टेबलावरून सरकत गेला. ते मागे खेचत होते, खुर्चीचे पाय घासत होते. हात पेटीपर्यंत — आरशामागे — कोपरापर्यंत आत. पेटी एवढी खोल नाहीये. वीतभर आहे.

पार्वती शांत बसलीय. म्हणाली, 'मैंने पकड़ा है. नहीं छोड़ूँगी.'

ते मला म्हणाले, देवयानी, अगं हात दे. आपण आपली माणसं.

मी म्हटलं, प्रेसवर पाठवलात त्या मुलाचं नाव सांगा.

त्यांना आठवत नाही. दोन वेळा आला होता. आठवत नाही.

बारा पंचवीस

ते रडतायत. फॉर्म फाडा म्हटलं, डावा हात मोकळा आहे. दातात धरून फाडला. पार्वती मान हलवते. एवढ्याने नाही.

माझा सुटला. आत्ताच. मुंग्या — बोटं हलतायत, पाचही. हे उजव्याने लिहितेय.

जाऊ शकते. दार उघडं आहे. पुणे, आई —

भीती वाटतेय. खूप. लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की कळलं नव्हतं तिला.

बारा अठ्ठावीस

हात मीच परत पेटीत घातला. आपणहून. विष्णूच्या फॉर्मवर सही माझीच होती. विष्णूने धरला. दोन्हींनी. पुन्हा डाव्याने लिहितेय —

आत पुष्कळ आहेत. भाजलेले, चेपलेले, लहान, म्हातारे. एकमेकांना धरून. कुठवर गेलीय ही रांग —

पेटीसकट ओढतायत. दाराकडे. बाहेर प्रेस चालू आहेत, जमीन हादरतेय — तिकडेच, हे हात गेले तिथे — डॉक्टर फरफटत — नको नको म्हणतायत — पार्वती उठली, माझ्याकडे बघतेय, येतेस का म्हणून —

येते. मी पण उठ