तीनशे पदव्या आणि एक तर्जनी

विद्यापीठकुलभूषण, परिपत्रकप्रभाकर, गोलशिक्काधिपती श्रीमान कुलसचिव महोदय यांचे सेवेशी,

परवाच्या बैठकीत तीनशे पदव्यांवर चुकीचे वर्ष छापल्याचे उघड झाले, तेव्हा कंत्राटी टंकलेखिकेकडे रोखण्यास्तव माझी तर्जनी अर्धी उंचावली होती. तिची नोकरी निश्चित गेली असती. वस्तुतः तपासणी माझी. परंतु पूर्वीच्या साहेबांच्या कारकिर्दीत हाच शिष्टाचार होता.

आपण म्हणालात, “सही माझी आहे, म्हणजे चूक माझी. पुढे बोला.”

मी स्तंभित! तर्जनी तशीच अधांतरी, आणि मुखातून निघाले, “साहेब, तपासलं मी होतं.”

सहा वर्षे अबोल असलेली टंकलेखिका म्हणाली, “दादा, बोट खाली घ्या आता. दोघं मिळून दुरुस्त करू.”

तेव्हापासून ती हक्काने माझा स्टेपलर नेते. परत आणत नाही. म्हणून हे द्विपृष्ठी पत्र खणातच सुटे पडले आहे.

आपला अद्यापि हतबुद्ध,
अधीक्षक, परीक्षा विभाग