बाळंतिणीचा मुकिमो

३ जुलै १९९१, बुधवार

वामुयूला मुलगा झाला. मुरीथी अंगणभर नुसता नाचत होता! माझ्या तिन्ही मुलींच्या वेळी हाच माणूस पाठ फिरवून बाजारात निघून गेला होता.

आठ महिन्यांपूर्वी तो वामुयूला माझी सवत म्हणून घेऊन आला. अंगणापलीकडे नवं घर बांधून दिलं. तिच्याशी अजून मी एक शब्द बोललेले नाही.

संध्याकाळी सासूबाई आल्या. “वांजाची आई, बाळंतिणीचा मुकिमो थोरलीच्याच चुलीवर शिजतो. दहा दिवस. तोंड वाकडं करू नकोस.”

मी? तिच्यासाठी?

४ जुलै

शाळेत शिकवून आले, कपडे बदलायला वेळ कुठला— कमरेला फडकं बांधलं आणि चुलीपुढे बसले. न्जाही, म्हणजे आपले काळे वाल, रात्रभर भिजूनही हट्टीच. तीन तास शिजवले. सरपण धुक्यानं ओलं, डोळे चुरचुरले. मग बटाटे, थोडी कच्ची केळी. लाकडी दांड्यानं सगळं एकत्र घोटायला घेतलं, तोच मुकिमो— इतक्या जोरात मी आजवर घोटलं नसेल! सगळा राग त्या बटाट्यांवर.

फळीवर गुरांच्या गोचिडांचं औषध होतं. त्या डब्याकडे नजर गेली. गेली आणि तिथंच थांबली. मग उठले, डबा गोठ्यात नेऊन ठेवला, हात दोनदा धुतले. हे फक्त इथंच लिहिते.

सासूबाई वाडगा घेऊन गेल्या. तसाच परत आला.

५ जुलै

आजही परत.

८ जुलै

पाच दिवस ती पातळ पेजेवर आहे. दूध पुरत नाही. बाळ रडतं ते इथपर्यंत ऐकू येतं. फळ्यावर गणित लिहितानासुद्धा माझ्या कानात तेच.

आज सासूबाईंनी तिच्यासमोर घास घेतला म्हणे. “हे बघ, मेले का मी?” वामुयूनं मान फिरवली. त्या वळल्या तशी तिनं अख्खा वाडगा कोंबड्यांपुढे ओतला! तीन तासांची माझी मेहनत!

तिला वाटतंय मी विष घालेन. संताप आला. आणि मग तो डबा आठवला, नि संताप करायला तोंड उरलं नाही.

१० जुलै

त्यातली एक कोंबडी मेली.

मुरीथी दारातूनच ओरडला, “काय घातलंस त्यात?”

“वाल, बटाटे, मीठ. तुझ्या आईनं खाल्लंय. विचार तिला.”

“कोंबडी मेली ना!”

“पलीकडच्या न्योकाबीच्या चार मेल्यात ह्याच आठवड्यात. माना टाकून. त्याही मीच मारल्या का?”

ऐकतोय कोण! रविवारी कुळातली वडीलधारी मंडळी बसणार आहेत. गुन्हा ठरला तर मला माहेरी धाडणार. मुली ह्याच घरच्या म्हणून ठेवून घेणार.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी घास खाल्लेला. एक शब्द बोलायचा होता त्यांनी. नाही बोलल्या.

११ जुलै

मुली वसतिगृहात शिकतात, त्यांना पत्र लिहायला बसले. काय लिहू? फाडलं.

१३ जुलै, शनिवार

आता लाज कसली धरायची! पातेलं, भिजलेले वाल, बटाट्यांची टोपली उचलली आणि थेट तिच्या घरात गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा उंबरा ओलांडला.

ती घाबरून उठायला लागली. “बस,” म्हटलं. “तुझी चूल, तुझं पाणी, तुझं मीठ. डोळे उघडे ठेवून बघ.”

बघत राहिली. बाळ फडक्याखाली चुळबुळत होतं. तीन तास वाल शिजत होते. जवळून पाहिली— किती लहान आहे! माझ्या वांजाहून पाचच वर्षांनी मोठी असेल. गाल बसलेत.

घोटून झाल्यावर आधी मी खाल्लं. एक घास, दोन, तीन. मग वाडगा तिच्यापुढे सरकवला.

तिनं घेतला. घास तोंडाजवळ नेला आणि हमसून रडायला लागली. “ताई, मला ठाऊक आहे ह्यात काही नाही. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

“मग खात का नाहीस? उद्या माझं काय होणार ते कळतंय ना तुला?”

“मला नाही खाववत तुमच्या हातचं.”

एवढंच. मी पातेलं तिथंच टाकून आले. भीती नाही, मग काय आहे? द्वेष? उद्या सगळ्यांसमोर हिच्या तोंडून काय निघेल देव जाणे.

१४ जुलै, रविवार

म्हाताऱ्यांनी तिलाच विचारलं, “थोरलीच्या हातचं का खात नाहीस?” वामुयू बाळाला घेऊन उभी राहिली. म्हणाली, “लाजेनं. लग्नाआधी ह्यांनी मला सांगितलं होतं की पहिली बायको वारली. तीन पोरी आईविना आहेत. त्या पोरींसाठी मी हो म्हटलं. इथं आले तर ह्या ताई अंगणात उभ्या. तोवर पोट राहिलं होतं. तोंड उघडलंस तर हाकलून देईन, हे म्हणाले.”

मुरीथी जमिनीकडे बघत होता. सासूबाईंनी डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढून घेतलं.

म्हाताऱ्यांनी माझ्यावरचा आळ काढून टाकला. दुपारी माझ्या चुलीपुढे आम्ही दोघी जेवलो. तिनं दोनदा मागून घेतलं. मुरीथी दारात येऊन उभा. “आणि माझं?”

मी काही बोलायच्या आत वामुयू म्हणाली, “मेलेल्या बाईच्या घरी जेवण मागतात का?”