दरवाजात घेतलेलं नाव

॥ श्री मोहटादेवी प्रसन्न ॥

मंगळवार, ७ जानेवारी २०२५. राहुरी.

टेम्पोतून आलं ते असं: लोखंडी कपाट एक, खाटा दोन, शिलाई मशीन, धान्याचे डबे सात, गाद्या, भांड्यांची दोन पोती, स्नेहलची पत्र्याची पेटी. देव्हारा मी मांडीवर धरून आणला. टेम्पोभाडं अडतीसशे, हमालाला दोनशे. वाटेत माठ फुटला. इथे आल्यावर घेतलं: नवा माठ एकशे साठ, केरसुणी साठ, गॅसची नळी एकशे नव्वद, तुळशीचं रोप वीस. नारळ घरचाच होता.

यांना विद्यापीठाच्या फार्मवर पंपाचं काम मिळालं आणि क्वार्टरही. तीन खोल्या! आणि नळाला दिवसभर पाणी. आमच्या पाथर्डीकडे टँकरमागे घागर घेऊन पळण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे दुपारी उगाचच नळ सोडून पाहिला आणि लगेच बंद केला. मागच्या दाराबाहेर पेरूचं झाड आहे. हे म्हणाले, आता दुधावरची साय खायची आणि आराम करायचा. मी म्हटलं, साय विरजणाला लागते.

पेटी मागच्या खोलीत ठेवली. उघडली नाही.

रविवार, १२ जानेवारी

शेजारच्या पंकजाताई भारी बोलक्या. संक्रांतीचे तीळ निवडायला बसल्या आणि तासाभरात अख्ख्या कॉलनीची माहिती दिली. बायकांचा गट दरवर्षी जानेवारीत एक दिवसाची सहल काढतो, गड चढायचा, जेवायचं, संध्याकाळी घरी. यंदा पारनेर तालुक्यातला उंबरगड. म्हणाल्या, यायलाच पाहिजे, नवरा एक दिवस उपाशी राहिला की वर्षभर भाजीला नावं ठेवत नाही.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं? तोंडातून गेलं, स्नेहलची आई. गेली चौदा वर्षं मला दुसरं कोणी काही म्हटलेलंच नाही. सासरी नाव घ्यायची पद्धत नव्हती, हे 'अगं' म्हणतात. स्नेहल झाली आणि मी स्नेहलची आई झाले.

कुठे असते मुलगी, म्हणाल्या. मी म्हटलं, मामाकडे. तीळ निवडताना खोटं बोलले. स्नेहलला जाऊन अडीच वर्षं होतील. अकराची होती.

सोमवार, २० जानेवारी

काल गड झाला. पाय दुखताहेत, पण मन हलकं वाटतं. सगळं सावकाश लिहिते.

अकरा बायका एका क्रूझरमध्ये. माझ्याकडे बूट नव्हते, यांचे कॅनव्हासचे घातले, पुढे कापूस भरून. सगळ्या हसल्या, स्नेहलच्या आई, बूट चालताहेत आणि तुम्ही मागून येताय! मीही हसले. खूप दिवसांनी.

पायथ्याच्या वाडीतून गोजरबाई नावाच्या म्हाताऱ्या वाट दाखवायला आल्या. सत्तरी ओलांडलेली, अनवाणी, आणि सगळ्यांच्या पुढे. कोणी बसलं की वरून ओरडायच्या, बसा बसा, मी लिफ्ट मागिवती तुमच्यासाठी. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, पातळांना कुसळंच कुसळं. दीड तासाने दरवाजा आला. दारं कधीच गेली, नुसती कमान उभी. आत एक बुरूज ढासळलेला, एक शाबूत, बिनछपराचं धान्याचं कोठार आणि खडकात खोदलेलं टाकं. निजामशाहीच्या वेळचं आहे म्हणे. टाक्याचं पाणी गार, जिभेला लोखंडासारखं लागतं. आणि वारा. एवढ्या उन्हात असा गार वारा मी पाहिला नव्हता.

टाक्यापाशी भाकरी-ठेचा खाताना गोजरबाईंनी गडाची रीत सांगितली. उतरताना प्रत्येकाने दरवाजात उभं राहून आपलं नाव घ्यायचं आणि 'चल घरी' म्हणायचं. जुन्या वेढ्यात लई माणूस हितं मेलं, गड माणसाला धरून ठेवतो. नाव घेतलं की सोडतो. पण सोताचंच घ्यायचं, दुसऱ्याचं न्हाई. दुसऱ्याचं घेतलं तर ते येतंय, मेलेलं असलं तरी येतंय, अन् घेणारं हितंच ऱ्हातंय. त्यांच्या लहानपणी एका बाईने गेलेल्या भावाचं नाव घेतलं होतं. भाऊ घरी आला, आणि बाई दिवसादिवसाने विरत गेली. मग वाडीतल्या एकाने दरवाजात उभं राहून बाईचं नाव घेतलं, तेव्हा ती परतली आणि भाऊ गेला. पंकजाताई म्हणाल्या, मावशी, जेवताना तरी चांगलं बोला.

त्यांचे शेंगोळे मला फार आवडले, कृती विचारली. म्हणाल्या, वाडीत फोन लागत न्हाई, पत्र टाक, माझी सून ज्ञानेश्वरीच टपाल बघते, ती वाचून दावील.

चार वाजता दरवाजात ओळ लागली. पंकजाताईंनी आपलं नाव एवढ्या मोठ्याने घेतलं की एकजण म्हणाली, अहो, घरी नवऱ्याला चहा ठेवायची आठवण झाली असेल. माझी पाळी आली. नाव जिभेवर येईना. दिवसभर सगळ्या हाका त्याच एका नावाने, तेच तोंडात बसलेलं. मी 'स्नेहल' म्हटलं आणि 'ची आई' तोंडातच राहिलं. वारा थांबला. मग मीच म्हटलेलं ऐकलं, चल घरी.

गोजरबाई एकदम पुढे आल्या. परत घे म्हणाल्या, सोताचं घे. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सगळ्या बघत होत्या. मला लाज वाटली. हसून उतरायला लागले. वरून त्या ओरडत होत्या, तुझं नाव काय गं बाई, नाव सांगून जा! बरोबरच्या कोणालाच माहीत नव्हतं.

आपण देवीला मानतो, असल्या गोष्टींना नाही. खिचडी टाकून झोपले.

मंगळवार, २१ जानेवारी

पातळ दोनदा धुतलं, कुसळं काढली. दुपारी मागच्या खोलीत झाडायला गेले तर पेटीभोवती कुसळं. उघडली. स्नेहलच्या निळ्या फ्रॉकची सबंध किनार कुसळांनी भरलेली, ताजी, गवताचा वास येणारी. हा फ्रॉक घालून ती कधी डोंगरावर गेली नव्हती.

देवीपुढे दिवा लावला. यांना सांगितलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

दुपारी पोळ्या करताना मागून सतराचा पाढा ऐकू आला. सतरा साती, तिथेच अडला. ती नेहमी तिथेच अडायची. माझं लाटणं चालूच होतं, सवयीने पुढचं सांगितलं. पाढा पुढे गेला.

मग हात थांबले. पोळी तव्यावर जळली.

पाय गार पडताहेत. खिडक्या लावल्या तरी कानात वारा.

शनिवार, २५ जानेवारी. एकादशी.

आली.

बारा वाजता, लख्ख उन्हात, मागच्या दाराच्या पायरीवर बसून पेरू खात होती. निळा फ्रॉक. डाव्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खूण. म्हणाली, आई, बी दातात अडकली. मी काढली. दात खरे होते. श्वास गरम होता. देवी, मी खोटं लिहीत नाही.

हे जेवायला आले आणि उंबऱ्यातच खाली बसले. तिने यांच्या खिशात हात घालून किल्ल्या काढल्या, पूर्वीसारख्या. हे रडले नाहीत. नुसते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, जेवण निवून गेलं.

संध्याकाळी मी यांना दरवाजातलं सगळं सांगितलं, गोजरबाईंचं बोलणंही. तुझं काय होईल, असं विचारतील वाटलं. म्हणाले, आली ना? मग राहू दे.

मीही तेच म्हणणार होते. तरी लागलं.

सोमवार, २७ जानेवारी

तीन दिवस सणासारखे गेले. तिला पुरणपोळी केली, वेण्या घातल्या. रोज कुसळं काढते, रोज नवी येतात.

आज पंकजाताई वाटीभर साखर मागायला आल्या. स्नेहल त्यांच्यासमोर उभी होती, त्यांनी पाहिलं नाही. मीही समोर होते. त्यांनी हाक मारली, अहो स्नेहलच्या आई! मी ओ दिली. आणखी दोनदा हाक मारली, मी दोनदा ओ दिली. मग यांना म्हणाल्या, बाहेर गेल्या वाटतं. यांनी आजूबाजूला बघितलं. माझ्याकडेही. आणि म्हणाले, असेल मागे.

डोळे मिटले की कोठाराच्या भिंती दिसतात. टाक्याकाठी कोणीतरी यांचे कॅनव्हासचे बूट घालून बसलंय.

मंगळवार, २८ जानेवारी

सकाळी स्वतःचं नाव आठवेना. आधार कार्ड काढून वाचलं. पाच वेळा वाचलं, मोठ्याने. कार्ड परत कपाटात ठेवलं आणि कपाट लावेपर्यंत नाव पुन्हा गेलं.

स्नेहलला मी दिसते, ऐकू येते. फक्त तिला. म्हणते, आई, तू एवढी गार का गं?

गुरुवार, ३० जानेवारी

तिला ताप आला.

कपाळाला हात लावला आणि कळलं, तोच. तशीच उजव्या कुशीवर वळून, गुडघे पोटाशी. तेव्हा असाच नऊ दिवस होता. जीपवाल्याने शहरापर्यंत आठशे मागितले होते. मी म्हटलं, साधा ताप आहे, उद्या बघू. असं म्हणत सहा दिवस गोळ्यांवर काढले. सातव्या दिवशी एसटीने नेलं, तोवर उशीर झाला होता. ते आठशे त्या महिन्याच्या हिशेबात शिल्लक म्हणून लिहिले. माझ्याच अक्षरात आहेत. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

हे कुठेही लिहिलं नव्हतं. यांच्याशीही बोलले नव्हते.

शुक्रवार, ३१ जानेवारी

यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. या खेपेला दुसऱ्याच दिवशी. डॉक्टरांनी यांच्याकडे बघून विचारलं, पेशंट कुठे आहे?

हे परत आले. तिला खाटेवर ठेवलं. भिंतीकडे तोंड करून बसलेत. मी खांद्यावर हात ठेवला, यांनी नुसती शाल ओढून घेतली. गार वारा लागला असणार.

ताप तसाच.

शनिवार, १ फेब्रुवारी

तिसरा दिवस. ती म्हणते अंगावर वारा घाल. मी फुंकर घालते तर गडाचा वारा येतो, तिला बरं वाटतं — एवढंच उरलंय माझ्याकडे —

कपाटापर्यंत जाता येत नाही. मध्ये दरवाजा लागतो, कमानीचा. कार्ड आत —

तिने आज विचारलं, आई, मी परत मरणार का? मी म्हटलं नाही. तिने विचारलं, मग आधी का —

नाही लिहवत.

रविवार, २ फेब्रुवारी

हात अजून घरात आहे. बाकी सगळी तिकडे. हे पान फाडून यांच्या खिशात घालीन, किल्ल्या शोधताना सापडेल, टपालपेटीत टाकतील —

ती. गोजरबाई यांस, उंबरगडवाडी, ता. पारनेर. सूनबाई ज्ञानेश्वरी, हे त्यांना वाचून दाखवा.

सा. न. वि. वि. दरवाजात चुकलेली बाई मीच. मुलगी घरी आली, पण दुखणं घेऊन आली. आज चौथा दिवस. नऊ झाले की मला दुसऱ्यांदा बघावं लागेल. तुम्ही हाक मारलीत तर मी घरी येईन आणि ती जाईल, हे माहीत आहे. माझं काही नाही. मी इथे टाक्यापाशी बरी आहे, भूक नाही, काही दुखत नाही.

एकच विचारायचं आहे. परत गेल्यावर तिचा ताप उतरतो का? उतरत असेल तर आजच दरवाजात उभ्या राहा आणि माझ्या नावाने हाक मारा, मी उशीर करणार नाही. उतरत नसेल तर मारू नका. मग तिच्या उशाशी कोणीतरी गार हाताचं पाहिजे —

नाव खाली सही करते, ते नीट वाचून घ्या. पण आधी तेवढं तापाचं, उशीर न लावता, उलट टपाली कळवा.

आपली