मनगटातली गिरणी आणि आगाऊ भरलेली वही

डोळखांब, रविवार

चिरंजीव रूपेश यास दादाचा सप्रेम जय भीम.

तू, श्वेता आणि दर आठवड्याला पाय बदलणारी तुझी गुडघेदुखी मुरबाडला सुखरूप असाल, असे धरून चालतो. माझी विचारशील तर डायलिसिस चालू आहे. गुरुवारी ते मानेतल्या नळीवर येऊन ठेपले होते. ही हकिकत तू चार जणांना सांगणारच, म्हणून निदान खरी सांगतो.

माझ्या डाव्या मनगटाशी डॉक्टरांनी रोहिणी नीलेला जोडली आहे (रक्तवाहिन्या, आपल्या आळीतल्या नव्हेत). तिथे बोट ठेवले की कातडीखाली घरघर लागते. घरघर आहे तोवर यंत्राच्या सुयांना जागा आहे. थांबली की आत गाठ धरली समजायचे आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे. डायलिसिस केंद्रातल्या ब्रदरने बजावले, रोज सकाळी तीन बोटे ठेवा, वहीत लिहा. सत्तावीस वर्षे संस्कृत शिकवून हजेरीपट सांभाळणाऱ्याला वही शिकवतो! मी समास सोडून, तांबड्या शाईने रकाने आखले.

आपल्या गावाला मात्र शास्त्राचे वावडे. पाड्यावरची जानी मजुरीला जाताना रोज ओट्यावर येऊन, न विचारता माझे मनगट धरी. "बघू वो मास्तर, गिरणी चालू हाय का!" पाहुणे आले की त्यांनाही आणी. मागे एकदा जीपवाल्या देवरामची सासू हात लावून "आयो!" म्हणाली आणि दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली. विद्वानाच्या मनगटाची जत्रा झाली, असे मी तुझ्या वहिनीला म्हटले. ती म्हणाली, विद्वानाला बघायला तरी कोण येतं?

गुरुवारी जानीने बोटे ठेवली आणि हसली नाही.

"मास्तर, गिरणी बंद हाय."

मी वही उघडून दाखवली. गुरुवार : घरघर उत्तम.

"मला वाचता नाय येत. हाताला लागत नाय, येवढं कळतं."

तुझ्या वहिनीने वही ओढली. शुक्रवारही उत्तम होता. शनिवारही. महिनाअखेरपर्यंत माझी प्रकृती उत्तम होती. (एक तारखेलाच भरून टाकली होती. खात्यातली सवय, तपासणीला येणाऱ्या साहेबांनी नेहमी वाखाणलेली.) न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण, अनुमान त्यामागून. हे मी मुलांना पाठ करायला लावतो.

मी प्रमाणांची चर्चा आरंभली, तोवर जानीने कामावर जायचे सोडून देवरामची जीप दाराशी आणली. "वही र्‍हाऊ द्या, चपला घाला!" ठाण्याच्या इस्पितळात संध्याकाळच्या आत गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर ही जोडणी हातची गेली होती, मग मानेत नळी घालून डायलिसिस. कुणाच्या लक्षात आलं, असेही त्यांनी विचारले. मी खोकलो. वहिनीने उत्तर दिले, सविस्तर.

आता घरघर पूर्ववत आहे, आणि वहिनीचीही. श्वेताला आशीर्वाद.

तुझा दादा

ता. क. : वहीचा फोटो मी तुला कौतुकाने पाठवला होता. पुसून टाक.

आणखी ता. क. : पत्र खरे याचसाठी. दिवाळीनंतर जानी नवऱ्यापोरांसह वीटभट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडावर परतते. तुझ्या मित्राची आपल्या वेशीवर रोपवाटिका आहे. तिथे दोघांना बारमाही काम लावून दे. कारण विचारलेच तर पोरांची शाळा बुडते, असे सांग. ती सहा वर्षे बुडते आहे. मला ते या गुरुवारी सुचले, हे मात्र सांगू नकोस.